उत्तर यायला अर्धा तास

हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी एक आजी आणि चाळिशीतली एक बाई बोलत होत्या.

"मिस्टर आत आहेत का? पडले की काय?"

"नाही हो आजी. मंगळावर गेलेल्या यानात होते, आत्ताच परतलेत. इतके दिवस पायांवर भारच नाही, हाडं पार ठिसूळ झालीत."

"अगं बाई! बोलणं तरी व्हायचं का तुमचं?"

"व्हायचं की. पण इथून विचारलं की उत्तर यायला अर्धा तास. मी विचारायचे आणि कपडे वाळत घालायला जायचे."

"आता काय, समोरासमोर बोला पोटभर."

"कसलं काय! 'अहो, चहा टाकू का?' म्हटलं की नुसते बघत बसतात. माझेही पाय थांबत नाहीत, विचारून मी आपली निघून जाते. मग मागे रिकाम्या स्वयंपाकघराला सांगतात, 'हो, टाक.'"

आजी हसल्या. बाई हसल्या नाहीत.

तेवढ्यात वॉकर सरकवत बाईंचा नवरा बाहेर आला. त्याला आजींशेजारी बसवून बाई औषधं आणायला गेल्या.

"काय रे बाळा, बरं वाटतंय ना आपल्या माणसांत आल्यावर?"

तो आजींकडे बघत राहिला.

"आजी, चला, तुमचा नंबर," नर्सने दारातून हाक मारली.

आजी गुडघे धरत उठल्या, आत गेल्या. दार लागलं. बऱ्याच वेळाने तो त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हळूच म्हणाला,

"अजून पोचलोच नाही हो, आजी."