बुखारीचा पहारा

साताऱ्यात मिक्सर दुरुस्तीला टाकायला गेलो होतो. काउंटरवर माझ्या पुढे एक निवृत्त फौजी आणि त्यांची बायको हीटर बघत होते. दुकानदार त्यांना समजावून सांगत होता.

"फौजीकाका, ह्यात तेल असतं, पण ते जळत न्हाई, नुसतं तापतं. धूर न्हाई, वास न्हाई."

"आन खोली तापल्यावर?"

"हे गोल बटण फिरवून ऊब किती पाहिजे ते लावायचं. तेवढी झाली की आपोआप बंद. गार पडलं की पुन्हा चालू."

"पर त्याच्याकडं बघायचं कुणी?"

"कुणीच न्हाई. तुमी निवांत झोपायचं."

"न्हाई रं गड्या. पेटल्यालं ठेवून झोपायचं न्हाई."

"आवं, ह्यात पेटतंय कुठं?" बायको म्हणाली आणि दुकानदाराकडे वळली. "दादा, थंडीत माझं गुडघं लय धरत्यात. हे शेगडी पेटवत्यात आन रातभर तिच्याम्होरं बसून ऱ्हात्यात."

"ते का, काका?"

"वर बर्फात तंबूत ऊब ऱ्हावी म्हणून रॉकेलची शेगडी, बुखारी असायची. समदी झोपली तरी एकानं जागायचं, असा नेम. एकदा पहाऱ्यावरच्या जवानाचा डोळा लागला. तंबूत धूर कोंडला."

"मग?"

"सकाळी मला हलवून उठवलं. बाकीची उठली न्हाईत."

दुकानदार हीटरचं बटण नुसतंच फिरवत राहिला.

"आवं, म्हणून तर ह्यो घेतोय. आता तुमी झोपा."

"बांध रं. पर पहिल्या रातीला मी जागणार."

"जागा की. मी बी बसते संगं."

"तू कशाला?"

"तुमचा डोळा लागला तर?"