ठोक्यांचा रकाना

(स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप उघडा. आतल्या खोलीतून सायकलची घंटी वाजते.)

वहिनी : आले रे, आले! बघा भाऊजी, पुन्हा वाजवली. एक अंगठा तेवढा धड हलतो तुमच्या दादाचा, त्यानेच जीव खातो माझा. पलंगाला घंटी बसवायची अक्कलही तुमचीच.

भाऊजी : त्याला सांगा, उतरतंय अजून. इतकी वर्षं सायकल हाणलीय त्याने, एका चहात कशी उतरेल?

वहिनी : पण त्याच्या राइडचे नकाशे तर त्या सायकलवाल्यांच्या साइटवर दिसतातच की.

भाऊजी : नुसती रेघ दिसते. दादाला दर सेकंदाचं हवंय. म्हणून तर हा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्याच पासवर्डने आत जातो, एकेक राइड उघडतो आणि वेग, चढ, छातीचे ठोके, सगळं फाइलमध्ये उतरवून घेतो.

वहिनी : आणि मी ते वाचून दाखवायचं. डोळे मिटून सगळे चढ पुन्हा चढणार आहे म्हणे. सकाळी स्वतःहून दाढी करून मागितली. नाहीतर रोज नुसती टाळाटाळ.

भाऊजी : वहिनी, जरा इकडे बघा.

वहिनी : मला काय कळतंय त्यातलं?

भाऊजी : ही शेवटची राइड मंगळवारची आहे.

वहिनी : कुठल्या मंगळवारची?

भाऊजी : परवाच्या! उन्हाळ्यापासून दादा पलंगावर आहे, आणि परवा सायकलवर? बरं, ठोक्यांचा रकाना कोरा. माणूस पायडल मारतोय आणि छातीत काहीच नाही. काटा आला अंगावर. प्रोग्रॅम चुकला म्हणून दोनदा चालवला.

वहिनी : नाही चुकला तो.

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : हळू बोला. सायकल विकली मी.

भाऊजी : विकली? मैत्रिणीच्या गॅरेजात ठेवलीय म्हणालात ना?

वहिनी : त्यालाही तेच सांगितलंय. व्हीलचेअर वळेना हो पॅसेजमध्ये. रोज हँडलला अडकायची. तो म्हणायचा, असू दे, भिंतीचा रंग गेला तरी चालेल, सायकल हलवू नकोस. आणि खरं सांगू? मलाच बघवेना ती. पिल्लूच्या शाळेपलीकडे दवाखाना आहे ना, तिथला कंपाउंडर घेऊन गेला.

भाऊजी : हँडलवरच्या मीटरसकट?

वहिनी : घंटी तेवढी काढून घेतली. मीटरचं काय कळतंय मला? सीटसारखा तोही सायकलचाच, असं वाटलं.

भाऊजी : अहो, राइड नोंदवणारा तो मीटर साइटवरच्या दादाच्या खात्याला जोडलेला आहे. कंपाउंडर कामावर जातो आणि राइड चढते दादाच्या नावावर. ठोके मोजायचा पट्टा छातीला लावत नसणार, म्हणून ठोके नाहीत.

वहिनी : त्याला कळता कामा नये.

भाऊजी : चिडेल थोडा. चिडू दे. बरा झाला की मी स्वतः त्याच्यासाठी नवीन सायकल...

वहिनी : भाऊजी.

भाऊजी : काय?

वहिनी : डॉक्टर तसं म्हणाले नाहीत.

भाऊजी : मग कसं म्हणाले?

वहिनी : तुम्ही तरी विचारू नका हो. तो रोज विचारतो, मी रोज म्हणते, बघू. त्या 'बघू'वर चाललंय आमचं. सायकल विकली हे कळलं, की मी न सांगता सगळं कळेल त्याला.

भाऊजी : आणि मी? मी दर रविवारी त्याच्याशी टायरच्या गप्पा मारतोय!

वहिनी : मारा ना. तेवढाच खुलतो तो.

भाऊजी : थांबा. फाइलमधून या नव्या राइड काढतो. खात्यातूनही पुसून टाकतो. तुम्ही कंपाउंडरला फोन करा, मीटर परत द्या म्हणावं.

वहिनी : पुसा. आधी पुसा. पिल्लू आत त्याच्यापाशीच बसलीय, एवढ्यात येईल.

पिल्लू : मी आलेच! बाबा विचारतोय, झालं का? काका, काय पुसतोयस?

भाऊजी : काही नाही ग. कचरा आहे थोडा.

पिल्लू : तो कचरा नाहीये! त्या बाबाच्या रेघा आहेत. टॅबवर रोज बघते मी. सारखी नवीन येते. माझ्या शाळेवरून जातो तो.

वहिनी : कोण जातो, बाळा?

पिल्लू : बाबा! मी बाईंना सांगून खिडकीजवळची जागा घेतली. अजून एकदासुद्धा दिसला नाही. जोरात जात असेल.

भाऊजी : पिल्लू, तू बाबाला हे...

पिल्लू : छे! कुणालाच नाही सांगितलं. त्याची गंमत आहे ना ती. एकदम आपल्याला दाखवणार असेल.

वहिनी : इकडे ये. माझ्याजवळ ये.

पिल्लू : तू कशाला रडतेस? नाही म्हटलं ना सांगणार! फक्त मला एक सांग.

वहिनी : काय ग?

पिल्लू : मी घरी असले की तो का नाही उठत?