दादाचा शेवटचा फोन

सिनेमा सुटला. जिन्यावरच्या गर्दीत एक आजी नातीचा हात धरून उतरत होत्या.

“आजी, धरण फुटलं तेव्हा तुझ्या दादाने खरंच गावोगाव फोन केले?”

“केले तर! पाणी खोलीत शिरेपर्यंत करत होता. अगदी हुबेहूब दाखवलंय.”

“आणि शेवटचा फोन त्या मुलीला?”

“छे गं! पोरगी समोर आली की त्याची बोबडी वळायची.”

“म्हणजे ती चक्क थाप! दिग्दर्शकाला कळवूया.”

“काही नको. गोड होती पोरगी.”

“पण ती नव्हतीच ना?”

“नव्हती. बाविसाव्या वर्षी गेला बिचारा. साठ वर्षं त्याच्यासाठी मी एकटीच रडत होते. आज तीही रडली.”

“आजी...”

“डोळे पूस. उद्याची दोन तिकिटं काढ.”