गजेंद्र सर पानं सोडतात

"हॅलो?… हाव, बोल बेटा… जेवलो. तू जेवली का?… अभ्यास? चालू आहे ना… चालू आहे म्हणजे चालूच आहे."

गजेंद्र सरांनी मांडीवरचं जाड पुस्तक मिटलं. आंजी गावातल्या घराच्या पुढच्या छपरीत नोव्हेंबरचं ऊन उतरलं होतं. फोन नागपूरहून होता, त्यांच्या एकुलत्या लेकीचा, आचलचा. बँकेची परीक्षा काढून ती नुकतीच नोकरीला लागली होती. अभ्यास चालला होता तो बापाचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत उभी हयात घालवल्यावर आता सरांना शिक्षक पात्रता परीक्षा द्यायची होती. नोकरीत असलेल्यांनाही ती पास व्हावीच लागेल, असा कोर्टाचा निकाल आला होता. येत्या रविवारी वर्ध्याला पेपर.

"कितवं पान?… काऊन, पानानं काय होते?… अडतिसावं… हो, बालमानसशास्त्रच… नाई, बाकीची पुस्तकं उघडली नाई अजून. अगं ऐक ना, मतदार यादीचं काम होतं. घरोघर फिरून राह्यलो होतो, पुस्तक कधी धरू?… काय?… कोणं सांगतलं तुले?… आईनं."

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सुमित्राबाई लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"हाव, म्हणलं मी. पेपरले जात नाई म्हणलं… पुढचं पुढं पाहू. नोकरी गेली तं गेली… अगं, आपला मुकेश, बंडूजीचा पोरगा, तोही देऊन राह्यला ना ह्याच खेपेले. माह्या हाताखाली बाराखडी शिकला तो. त्याच्या बाजूच्या बेंचवर बसून मी नापास होऊ?… नाई, राग नाई आला. बोल तू."

आचल बोलत होती, पण सरांचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. मुकेशचं नाव त्यांनी पुढे केलं खरं, पण दुखणं वेगळंच होतं. आठ दिवसांपासून ते रोज पहाटे उठून, हातात पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचत होते. आणि उजाडेपर्यंत त्यातलं काही हाती लागत नव्हतं. गावातले आईबाप ज्यांच्या भरवशावर पोरं शाळेत सोडून शेतात जात, त्या माणसाला हे कुणाजवळ बोलता येईना.

"खरं सांगू बेटा?… डोक्यात राह्यत नाई. वाचतो, वाचतो, अन् पान उलटलं का मागचं कोरं… वय झालं असंल… हॅलो? आहे का तू?… मले वाटलं कटला."

आचलने समजूत घालायचा प्रयत्न केला नाही. बाप वर्गात जसं सावकाश सांगायचा, तसंच ती एकेक सांगू लागली.

"अगोदर धड्याच्या मागचे प्रश्न?… उत्तर येत नाई तं प्रश्न वाचून काय करू?… काय शोधायचं ते कळते. बरं… मंग मथळे. ठळक अक्षरं… पहिला परिच्छेद अन् शेवटचा… अन् मधलं?… सोडायचं?"

तो शब्द सरांच्या घशाखाली उतरेना. पुस्तक म्हणजे पहिल्या पानापासून शेवटल्या पानापर्यंत, ओळीखाली बोट धरून, हे त्यांनी किती पोरांना शिकवलं असेल. एक ओळ गाळली की पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावत.

"लिहिणाऱ्यानं मधलं फुकट लिहिलं काय?… हे तुले कोणं शिकवलं?… तू असंच वाचत होती? कधीपासून?… दहावीपासून? इथं, छपरीत, माह्यासमोर बसून?"

भराभर पानं उलटणारी वेणीवाली आचल त्यांना आठवली. पोरीचा वाचनाचा वेग पाहून तेव्हा त्यांची छाती फुगायची. रागवावं की हसावं ते त्यांना कळेना.

"अन् मी शाळेत सांगत फिरलो, माही पोरगी एक ओळ सोडत नाई म्हणून… हाव, झाली तू पास. कबूल आहे… आत्ता? फोन चालू ठेवून?… थांब, चष्मा घेतो."

फोन कान आणि खांद्यात दाबून त्यांनी पुस्तक मधूनच उघडलं. इतकं पुढचं पान एकदम उघडताना त्यांना चोरी केल्यासारखं झालं.

"मूल्यमापनाचा धडा आहे… पहिला प्रश्न, आकारिक मूल्यमापन… शिकवता शिकवता पोराले किती समजलं ते पाहाचं, हे तं मी रोजच करतो… हो हो, सोडतो. दुसरा, वाचनात मागे पडलेल्या मुलासाठी शिक्षकाने काय करावे… नाई, पुस्तकात पाह्यलं नाई अजून. माह्या मनानं सांगू?… ती काजल होती पाह्य, नत्थूची. अक्षराले अक्षर जोडता येत नव्हतं तिले. पुस्तक पाह्यलं का रडे. मंग घरून मिठाची पुडी, साबणाचं वेष्टण, असं काहीबाही आणाले लावलं. साबण कसा दिसते ते ठाऊक होतं, मंग 'साबण' वाचलं… हाव, आता कॉलेजात आहे ती… पुस्तकात पाहू? पाह्यतो."

सरांचं बोट मथळ्यांवरून खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"परिचित परिसरातील छापील मजकुराचा वापर… तेच आहे गं. शब्द जड आहेत, पण तेच आहे."

इतके दिवस ते स्वतःचंच काम परक्याच्या भाषेत पाठ करत बसले होते. सगळं नवीन समजून, पहिलीतल्या पोरासारखं, एकेक ओळ घोकत. ती ध्यानात राहावी तरी कशी?

"ऐकून राह्यलो… काय म्हणली? परत सांग… जे येते ते ओलांडायचं. जिथं अडलं तिथंच बसायचं… मंग सोडणं म्हणजे लबाडी नाई म्हणतेस… हाव. घरचीच वाट आहे, दगड कुठं आहे तेवढं पाहाचं."

त्यांनी आणखी एक धडा उघडला. मागचे प्रश्न वाचताना पेन्सिल दोन ठिकाणी थांबली, बाकी ठिकाणी पुढे गेली.

"हे मात्र येत नाई. मुलाच्या विकासाचे टप्पे, अन् ती विदेशी नावं… इथं बसावं लागंल. इंग्रजी व्याकरणापाशीही बसावं लागंल… पास होईन का ते नाई सांगता येत, बेटा. आठवडाच हाती आहे… जाईन. पेपरले जाईन… हो, आईले सांगतो."

सांगायची गरज नव्हती. सुमित्राबाईंच्या हातातला लसूण केव्हाचा थांबला होता.

आचल पुढे गणिताचं सांगू लागली, मग झोपेचं, मग परीक्षेला कोणती बस पकडायची त्याचं. सर हूं हूं करत होते, पण नजर पानावरून हलत नव्हती.

"हाव… हाव… बेटा, आता ठेव… नाई, तब्येत बरी आहे… अगं, धडा उघडा आहे माहा… उद्या करजो फोन. आता अभ्यास करू दे मले."

त्यांनी फोन बंद करून पुस्तकामागे सरकवला, आणि एकदम चार पानं उलटली.