कुंपणाला अडकलेली लोकर

जगन्नाथ : म्हणजे आजही तू त्या शेजारच्या गॉडफ्रेकडेच होतीस.

रेवा : थोडंसंच विणलं, आजोबा. आणि एक शब्द शिकले.

जगन्नाथ : शब्द मी शिकवतो! अर्ध्या आगाशी गावाला इंग्रजी मी शिकवलं. तो आयुष्यभर बोटीवर होता.

आनंदीबाई : बोटीवरच विणायला शिकला. चहा घ्या, निवतोय.

जगन्नाथ : पूर्वी ही शाळेतून आली की माझ्याजवळ ओट्यावर बसायची. कालचा शब्द काय होता त्याचा?

रेवा : टेन्टरहूक्स. ओलं लोकरीचं कापड आटू नये म्हणून चौकटीवर ताणून वाळवायचे. आपल्याकडे काठीवर बोंबील टांगतात ना, तसं. त्या चौकटीचे आकडे म्हणजे टेन्टरहूक्स. म्हणून जीव टांगणीला लागला की तो शब्द वापरतात.

जगन्नाथ : हं. बरोबर आहे.

आनंदीबाई : किती जड गेलं हो म्हणायला!

जगन्नाथ : आणि आजचा?

रेवा : वूलगॅदरिंग. म्हणजे जागेपणी मन भरकटणं. गॉडफ्रे अंकल म्हणाले, मेंढ्या मोजता मोजता गुंगी येते, त्यावरून.

जगन्नाथ : चूक! साफ चूक! अगं, ऐकलंस?

आनंदीबाई : लॉटरी लागल्यासारखं काय ओरडताय!

जगन्नाथ : रेवा, बस इथे. मेंढ्या कुंपणाला घासून गेल्या की काट्यांना लोकरीचे झुपके अडकतात. गरीब माणसं ते वेचत हिंडायची. इथे चिमूटभर, तिथे चिमूटभर. ठरलेली वाट नाही. म्हणून भटकणाऱ्या मनाला तो शब्द. जा, सांग त्याला. आत्ता जा.

रेवा : नाही जाणार.

जगन्नाथ : त्याची बाजू घेतेस?

रेवा : विनी आंटी कॅनडाला मुलीकडे गेल्यापासून ते एकटेच असतात. तिथल्या बाळासाठी टोपी विणतात आणि मध्येच सुया थांबतात. फाटकाकडे बघत राहतात. हाक मारली तरी ऐकू जात नाही. तेच वूलगॅदरिंग ना?

जगन्नाथ : हो. तेच.

रेवा : मग त्यांना शब्द येतो की.

आनंदीबाई : बोला आता, मास्तर.

जगन्नाथ : चहा आहे का अजून?

आनंदीबाई : हा काय, समोरच निवलाय.

जगन्नाथ : रेवा, गॉडफ्रेला म्हणावं, जगन्नाथला विणायला शिकायचंय. सुया घेऊन आमच्या ओट्यावर ये.

रेवा : आणि त्यांची चूक?

जगन्नाथ : सांगू. आधी विणताना माझ्या चुका होऊ देत.