गुरुजींनी चावडीवर चूक सांगितली तो दिवस

गावकऱ्यांनो, आयाबायांनो, आणि समोर बसलेल्या काकू,

शाळेच्या या पटांगणात एवढी माणसं मी कधी पाहिली नव्हती. बोलताना काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आपले देवराव गुरुजी गेले. त्यांनी मला विज्ञान शिकवलं. आज मीही शिक्षिका आहे, ती त्यांच्यामुळे.

मी सातवीत होते. उन्हाळ्यात गुरुजींनी चावडीवर सांगितलं, धानाचं बियाणं मिठाच्या पाण्यात टाका. पोकळ दाणे तरंगतील, ते काढा. खाली बसलेले पेरा. माझे बाबा घरी येऊन म्हणाले, "पुस्तकातलं बी माह्या वावरात काऊन टाकू मी?"

मला राग आला. गुरुजी खरे आहेत हे मला दाखवायचं होतं. मिठाच्या पाण्यातले शंभर दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळले. साध्या पाण्यातले शंभर दुसऱ्यात. चार दिवसांनी उघडले. साध्या पाण्यातले बहुतेक उगवले होते, मिठातले निम्मेसुद्धा नाही!

मृग दोन दिवसांवर आला होता. मी रडत गुरुजींच्या घरी गेले. काकू, दार तुम्हीच उघडलंत. मी म्हटलं, "गुरुजी, माझंच काही चुकलं असेल."

"कशावरून? मोजलंस ना? मग माझ्या तोंडाकडे नको पाहूस, दाण्यांकडे पाहा."

मग त्यांनी विचारलं, "मिठातून काढल्यावर धुतलेस?"

"नाही. तुम्ही सांगितलं नव्हतं."

ते म्हणाले, "खरंय. मी सांगितलंच नाही."

त्याच संध्याकाळी ते चावडीवर उभे राहिले. "माझं सांगणं अपुरं होतं. मिठातलं बी धुऊन घ्या. आणि पेरण्याआधी मूठभर घरी रुजवून पाहा. माझ्या शब्दावर जाऊ नका."

लोक हसले. कोणीतरी ओरडलं, "मास्तरच नापास!" हसणारे काहीजण आज इथे बसले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. पण नंतर कितीतरी दिवस गुरुजींना कोणी काही विचारेना. मी त्यांना विचारलं, लाज नाही वाटली?

"वाटली की. पण लोकांच्या धानाचे पऱ्हे, कोवळी रोपं, उगवलीच नसती, तर कोणत्या तोंडानं वर्गात आलो असतो?"

पुढच्या वर्षी बाबांनी कोणाला न सांगता दोन बारदाने भिजवले. एकात धुतलेलं बी, एकात न धुतलेलं. मला हाक मारून म्हणाले, "धुतलेलं बेस हाय. मास्तरनं सांगतलं म्हनून नाही बोलून राहिलो. म्या मोजलं."

मी पळत जाऊन गुरुजींना सांगितलं. ते मोकळेपणाने हसले. म्हणाले, "बघ, आता त्यांना माझी गरज नाही."

गुरुजी, गरज होती. आजही आहे.

मंडळी, आता आपण दोन मिनिटं उभं राहून शांत राहू. गुरुजींना हे जड गेलं असतं. त्यांच्या वर्गात शांतता कधी नसायची.