काळ्या-पांढऱ्या सिनेमातली बायको

भंडाऱ्याच्या बसस्टँडवर मी करडी गावाला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत होतो. मागच्या बाकावर दोन प्रौढ बाया बोलत बसल्या होत्या.

“उषाबाई, मधुकरराव रिटायर झाले, आता दिवसभर करतेत काय?”

“टीव्ही पायतेत. जुने इंग्रजी सिनेमे, काळे-पांढरे. टोपीवाला माणूस, सिगारेटचा धूर, अन् एक सुंदर बाई.”

“मंग?”

“मंग ते बाई नवऱ्याले मारून टाकते. दर सिनेमात तेच.”

“इंग्रजी समजते त्याईले?”

“मारलेलं समजते. सिनेमा संपला का माह्याकडं पायतेत. त्या दिवशी मी चाय देली, तं म्हणतेत, आज रंग येगळा काहून दिसून राहिला?”

“अवो माय!”

“इतकी वर्षं माह्या हातचं खाल्लं, पार्वताबाई, अन् असं बोलले. मी न्हाणीत जाऊन रडली.”

“सांगाचं ना, सिनेमा खोटा रायते म्हणून.”

“सांगणारच होती. पण दुसऱ्या दिवशी उठून पायतो, तं हे सोताच चाय मांडून बसले. मलेबी कप देला. लग्न झाल्यापासून पयल्यांदा मी बसल्या जागी चाय पेली.”

“मंग सांगतलं नाही?”

“कायले सांगू? परवा भाजीले फोडणी देताना मी नुसती गालात हासली. तवापासून भाजीबी तेच करून राहिले.”



“उषाबाई, आमच्या घरचे दिवसभर बातम्याच पायतेत. तो चॅनल कोणता हाय, सांगा बरं.”